ग्रँट डफचं गाव – स्कॉटलंडमधलं बॅन्फ. कोणी पाहिलंय का?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी. सध्या कामानिमित्त ॲबर्डीनला मुक्काम आहे. एडिंबरा, लॉख नेस, किल्ले हे सगळे करतात, तेही होईलच. पण मला एखादं लहान गाव नीट समजून घ्यायचंय. नकाशा बघताना बॅन्फ दिसलं आणि ट्यूब पेटली. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ १७८९ साली इथेच जन्मला. गाव ॲबर्डीनच्या वायव्येला, मोरे फर्थ या समुद्राच्या आखाताच्या काठावर, डेव्हरन नदीच्या मुखाशी आहे. नदीच्या पलीकडे मॅकडफ नावाचं दुसरं गाव, दोघांच्या मध्ये एक पूल. लोकसंख्या दोन्हीकडे चार हजारांच्या आसपास.

या गावाचा इतिहास काय, स्वभाव कसा, आणि एक अख्खा दिवस द्यावा इतकं तिथे आहे का? कोणी गेलं असेल तर सविस्तर लिहा. ऐकीव गोष्टीही चालतील, पण ऐकीव आहेत असं सांगून लिहा.

शिंपले
बॅन्फ म्हणजे कॅनडातलं ना? गरम पाण्याचे झरे, निळी सरोवरं. आम्ही कॅल्गरीहून दर उन्हाळ्यात जातो. स्कॉटलंडमध्येही आहे हे आजच कळलं.

पेठकर
@शिंपले, तुमच्या बॅन्फचं बारसं या बॅन्फवरूनच झालंय. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष जॉर्ज स्टीफन हा बॅन्फशरमधल्या डफटाउनचा. १८८० च्या दशकात रेल्वे रॉकी पर्वतात पोहोचली तेव्हा स्टेशनाला हे नाव मिळालं. आज जगात बॅन्फ म्हटलं की सगळ्यांना तुमचंच आठवतं.

सातारकर
धागा पाहून राहवलं नाही. ग्रँट आमच्या साताऱ्याला १८१८ ते १८२२ होता. (तेव्हा तो नुसता ग्रँट. आईच्या माहेरची, बॅन्फजवळच्या ईडनची इस्टेट मिळाल्यावर त्याने डफ आडनाव जोडलं.) पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं आणि त्यांचा दख्खनचा मुख्य अधिकारी एल्फिन्स्टन याने आपला हा तरुण सहकारी त्यांच्याकडे पाठवला. तिशीही ओलांडली नव्हती. १८१९ चा तह झाला तेव्हा कारभाराच्या नाड्या त्याच्याच हातात होत्या. हे करता करता त्याने कागद जमवले. सरकारी दफ्तरातले, जुन्या घराण्यांतले, देवस्थानांतले. माणसांना बसवून जुन्या हकिकती उतरवून घेतल्या. तब्येत बिघडली म्हणून मायदेशी गेला आणि १८२६ मध्ये तीन खंडांत इतिहास छापला. तीन-चार वर्षांतच कॅप्टन केपनने बाबा साने यांच्या मदतीने तो 'मराठ्यांची बखर' म्हणून मराठीत आणला. आपल्या कितीतरी पिढ्या तोच वाचून मोठ्या झाल्या.

हा माणूस लिहायला बसला ती जागा बघायची मला फार इच्छा आहे. तुम्ही गेलात तर ईडनचे फोटो नक्की टाका.

दर्यावर्दी
मी मॅकडफला राहिलोय, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

बॅन्फ समजून घ्यायचं तर आधी नदी समजून घ्या. बॅन्फ जुनं आणि मानाचं गाव. १३७२ साली राजा दुसरा रॉबर्ट याने सनद दिली, म्हणजे व्यापाराचा, बाजाराचा हक्क मिळाला. बॅन्फशर या परगण्याचं हे मुख्य ठिकाण. कोर्ट इथे, तुरुंग इथे, फाशी इथे. अठराव्या शतकात आसपासचे जमीनदार हिवाळ्यात आपापले गारठलेले वाडे सोडून बॅन्फला येऊन राहायचे. त्यांची गावातली घरं आजही हाय शोअर आणि बॉयंडी स्ट्रीटवर उभी आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंतींची, जाड गिलाव्याची. बड्या लोकांची वस्ती असली की सोनार, शिंपी, नाचगाण्याचे शिक्षक सगळे येतात. बॅन्फला चांदीकाम करणारे कारागीर होते आणि आपल्या कामावर ते गावाचा ठसा मारत. गावच्या म्युझियममध्ये त्यातले चमचे ठेवलेत. वाकून बघितलं तर दांड्याच्या मागे बारीक ठसे दिसतात, काही वापरून वापरून झिजलेले. चार हजार वस्तीच्या गावाच्या नावाची चांदी असावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

पलीकडे तेव्हा डून नावाची कोळ्यांची वाडी होती. १७८३ साली फाइफच्या दुसऱ्या अर्लने तिला गावाचा दर्जा मिळवून दिला आणि नाव ठेवलं मॅकडफ, कारण आपलं डफ घराणं अकराव्या शतकातल्या मॅकडफ सरदारापासून चालत आलंय असं त्यांचं म्हणणं. तिथे बंदर बांधलं. आता खरी गंमत. बॅन्फलाही बंदर होतं, जॉन स्मीटनसारख्या नामांकित इंजिनियरने त्याचं काम पाहिलं होतं. नदीवरचा सात कमानींचा पूलही त्याचाच, १७७९ चा. त्याआधीचा पूल १७६८ च्या पुरात वाहून गेला होता. पण डेव्हरनने पात्र बदललं आणि बॅन्फच्या बंदरात गाळ साचत गेला. मासेमारी हळूहळू पलीकडे सरकली. आज मच्छीमार बोटी, बर्फ, बोटी बांधायचा कारखाना, सगळं मॅकडफला. बॅन्फच्या बंदरात हौशी लोकांच्या बोटी असतात. मजा म्हणजे मॅकडफच्या बोटींवर नोंदणीची अक्षरं मात्र अजून 'बीएफ', म्हणजे बॅन्फचीच.

तेव्हा एक गाव मानाचं आणि दुसरं कामाचं. पुलावरून चालत पंधरा-वीस मिनिटांत हा फरक डोळ्यांना दिसतो.

शिंपले
@पेठकर, धन्यवाद! आता पुढच्या वेळी तिथल्या गाइडला मीच ही माहिती देणार.

गोदाकाठ
फाशीचा विषय निघालाच आहे तर मॅकफर्सनची गोष्ट सांगते. तिथल्या लोकगीतांमधून मला ही माहीत झाली.

जेम्स मॅकफर्सन हा एका हायलँड जमीनदाराचा जिप्सी बाईपासून झालेला मुलगा. अंगापिंडाने दांडगा, तलवारबाज, आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवण्यात पटाईत. टोळी करून बाजार लुटायचा. श्रीमंताला लुटून गरिबाला द्यायचा असं लोक म्हणतात. ब्रेकोच्या डफ नावाच्या जमीनदाराने त्याला कीथच्या जत्रेत पकडलं. नोव्हेंबर १७०० मध्ये बॅन्फला खटला झाला आणि १६ तारखेला फाशी. गोष्ट अशी की त्याला माफी मिळाली होती आणि स्वार माफीचा कागद घेऊन गावाकडे येत होता. डफला हे कळलं आणि त्याने गावचं घड्याळ पाव तास पुढे करायला लावलं. स्वार पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. फासाखाली उभं राहून मॅकफर्सनने स्वतः रचलेली धून वाजवली आणि फिडल कोणाला हवं का म्हणून विचारलं. कोणी पुढे आलं नाही. मग त्याने ते मोडून फेकून दिलं. त्याचे म्हणून जपलेले अवशेष न्यूटनमोरला मॅकफर्सन घराण्याच्या म्युझियममध्ये आहेत.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने याच धुनेवर आपलं गाणं रचलं. आजही उत्तर स्कॉटलंडमध्ये फिडलवाले जमले की ही धून वाजतेच.

पेठकर
गोष्ट सुरेख आहे, पण कागद काय म्हणतात तेही लिहायला हवं. खटला झाला हे खरं, फाशीही खरी. पण त्याच्यावर आणि साथीदारांवर ठेवलेल्या आरोपात लुटीइतकाच भर होता ते 'इजिप्शियन' असण्यावर, म्हणजे जिप्सी असण्यावर. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये जिप्सी म्हणून ओळखलं जाणं हाच गुन्हा होता. माफी आणि पुढे केलेलं घड्याळ ही नंतरची भर आहे. आणि मला वाटतं, या घड्याळाच्या गोष्टीने एक वाईट गोष्ट झाकली जाते. आपण एका लबाड डफवर चिडतो, पण एका जमातीत जन्मलं म्हणून फासावर देणारा कायदा विसरतो.

गोदाकाठ
आरोपाबद्दल तुमचं पूर्ण मान्य. पण गोष्ट खोटी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. बॅन्फ-मॅकडफच्या लोकांनी ती तीनशे वर्षं सांभाळली आहे. कायद्याने ज्याला भटक्या म्हणून मारलं त्याला लोकांनी गाण्यात नायक केलं आणि कोर्टाला खलनायक. लोकांनी दिलेला हा निकालच आहे, आणि तो त्याच गावात दिलाय.

दर्यावर्दी
घड्याळावरून दोन गोष्टी. मॅकफर्सनला फासावर देणारं म्हणून जे घड्याळ दाखवतात ते आता बॅन्फला नाही, डफटाउनच्या मनोऱ्यावर आहे. आणि मॅकडफच्या टेकडीवर डून चर्चचा मनोरा आहे, त्याच्या तीन बाजूंना घड्याळाच्या तबकड्या आणि बॅन्फकडची बाजू कोरी. मॅकडफकर सांगतात, ज्यांनी घड्याळ पुढे करून माणूस मारला त्यांना आम्ही वेळ दाखवणार नाही! तबकडी नसण्याचं कारण खरोखर काय ते असो, पण कोरी बाजू डोळ्यांनी दिसते आणि सांगणारा माणूस हे हसत हसत, पण पूर्ण अभिमानाने सांगतो.

टोपीवाला
हे तर सदाशिव पेठ विरुद्ध नारायण पेठ झालं :)

चिरेबंदी
वास्तुकलेत रस असेल तर डफ हाउस चुकवू नका. विल्यम डफ, तेव्हाचा लॉर्ड ब्रेको आणि पुढे फाइफचा पहिला अर्ल, याने स्कॉटलंडचा त्या काळातला सगळ्यात मोठा वास्तुविशारद विल्यम ॲडम याला काम दिलं. १७३५ मध्ये सुरुवात झाली. मधली मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना कमानदार ओवऱ्यांनी जोडलेले पाखे, असा आराखडा होता. मधलीच इमारत उभी राहिली. त्यामुळे आज ती चारी बाजूंनी एकटी, उंच, किंचित अवघडल्यासारखी दिसते. कोपऱ्यांवर चार बुरूजवजा मनोरे, दर्शनी भागावर भरपूर कोरीव दगड. हा दगड तासून जहाजाने आणला आणि त्याच्याच खर्चावरून मालक आणि ॲडम यांच्यात बिनसलं. कोर्टकज्जा वर्षानुवर्षं चालला, १७४८ मध्ये निकाल ॲडमच्या बाजूने लागला आणि त्याच साली ॲडम वारला. मालक तिथे कधीच राहायला गेला नाही. बग्गी त्या बाजूने गेली की पडदे ओढून घ्यायचा असं सांगतात.

पुढच्या अर्लनी मात्र घर वापरलं. बर्न्स १७८७ मध्ये इथे येऊन गेलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्यूक ऑफ फाइफने घर आणि बाग बॅन्फ आणि मॅकडफ या दोन्ही गावांना मिळून देऊन टाकली. नंतर ते हॉटेल झालं, आरोग्यधाम झालं, युद्धात कैद्यांची छावणी झालं. जुलै १९४० मध्ये जर्मन विमानाने बॉम्ब टाकले, त्यात जर्मन कैदीही मेले. युद्धानंतर इमारत मोडकळीला आली होती, सरकारने ताब्यात घेऊन दुरुस्त केली आणि १९९५ पासून नॅशनल गॅलरीतली चित्रं तिथे लावली जाऊ लागली.

बाहेरून बघताना दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेकडे जरूर बघा. तिथे काय यायचं होतं ते कळलं की इमारत समजते.

रानमांजर
सगळे अर्ल आणि राजे झाले, आता बॅन्फच्या एका चांभाराबद्दल लिहितो. माझ्या मते या गावातला सगळ्यात मोठा माणूस हाच.

टॉमस एडवर्ड, जन्म १८१४. लहानपण ॲबर्डीनला गेलं. प्राणी-पक्षी-किडे खिशात घेऊन वर्गात जायचा म्हणून एकामागून एक शाळांनी काढून टाकलं. सहाव्या वर्षी शाळा संपली. विशीत बॅन्फला आला, लग्न केलं, अकरा मुलं झाली. दिवसभर जोडे शिवायचे. संध्याकाळी दुकान बंद झालं की खिशात जेवण, पाठीवर पिशवी, हातात जुनी बंदूक, आणि बाहेर. वाळूत खड्डा करून, थडग्याच्या आडोशाला, पडक्या किल्ल्यात रात्र काढायची. पहाटे उजेड झाला की निरीक्षण, आणि कामाच्या वेळेला परत दुकानात. दारूच्या गुत्त्यावर तो जात नसे, त्यामुळे रात्री कुठे असतो याचं गावाला कोडं.

एकदा बॉइन किल्ल्याच्या पडक्या भागात झोपला असताना पोलकॅट, म्हणजे मुंगसाएवढा एक शिकारी प्राणी, अंगावर आला. एडवर्डच्या छातीच्या खिशात नुकतीच मिळालेली पाणकोंबडी होती, तिच्यावर त्याचा डोळा. अंधारात दोघांची झटापट. कातडं खराब होऊ नये म्हणून एडवर्डला त्याला जोरात मारायचं नव्हतं. हात चावून चावून सोलून निघाला, पण सोडलं नाही. शेवटी जवळचं क्लोरोफॉर्म कामाला आलं.

१८४६ मध्ये त्याने आपला अख्खा संग्रह, स्वतः पेंढा भरलेले पक्षी, कीटक, शिंपले, गाड्यांवर लादून ॲबर्डीनला नेला आणि प्रदर्शन मांडलं. लोक आलेच नाहीत. जे आले त्यांना विश्वास बसेना की हे एका जोडे शिवणाऱ्याने केलंय. कर्ज झालं. संग्रह वीस पौंड दहा शिलिंगांना विकावा लागला. त्या दिवशी तो जीव द्यायला समुद्राकडे गेला. कोट काढला. तेवढ्यात वाळूवर सँडरलिंग पक्ष्यांचा थवा उतरला आणि त्यात एक पक्षी वेगळा दिसला, आकाराने मोठा, रंगाने गडद. हा उठला आणि त्याच्या मागे चालू लागला. थवा पुढे, हा मागे, नदीच्या मुखापर्यंत. तो पक्षी उडून गेला तोवर मरायचा विचार डोक्यातून निघून गेला होता.

परत येऊन त्याने नव्याने संग्रह सुरू केला. मोरे फर्थमधले खेकड्या-झिंग्यांच्या जातीचे बारीक जीव तो शोधायला लागला. कोळ्यांच्या जाळ्यातला कचरा पोरींना सांगून मागवायचा, माशांची पोटं तपासायचा. त्यात विज्ञानाला माहीत नसलेल्या जाती निघाल्या. १८६६ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला सहयोगी सदस्य करून घेतलं. तरी जोडे शिवणं सुटलं नाही. १८७६ मध्ये सॅम्युएल स्माइल्सने त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा कुठे देशाला कळलं. राणी व्हिक्टोरियाने सालाना पन्नास पौंडांचं पेन्शन दिलं. बॅन्फचं म्युझियम, जे १८२८ सालचं आहे, तिथे तो तुटपुंज्या मानधनावर राखणदार होता.

@दर्यावर्दी, तुम्ही म्युझियममधले चमचे बघितलेत. पुढच्या वेळी त्याच्या आठवणीने बघा की त्या खोल्यांची किल्ली एका चांभाराकडे होती.

अनुराधा_प
रानमांजर, वाचून अंगावर काटा आला. त्या पक्ष्याचा प्रसंग तर विसरता येणार नाही. आणि अकरा मुलं सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोबद्दलही कोणीतरी लिहा. नवरा रात्ररात्र बाहेर, घरात पेंढा भरलेले पक्षी, आणि पैसा नाही.

रानमांजर
@अनुराधा_प, अगदी बरोबर. नाव सोफिया. चरित्रात ती थोडीच येते, पण जिथे येते तिथे नवऱ्याच्या बाजूने उभी असते. तो घरात असला की किड्यांमध्ये असतो, मग दारूपेक्षा बरं, असा तिचा कल होता. तिच्यावाचून यातलं काही झालं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

टोपीवाला
व्हिस्कीचं कोणीच काही बोलत नाही? स्कॉटलंडचा धागा आहे ना हा?

दर्यावर्दी
घ्या! बॅन्फची डिस्टिलरी गावाबाहेर इनव्हरबॉयंडीला होती. १६ ऑगस्ट १९४१ ला एका एकट्या जर्मन विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकले. गोदामाला आग लागली, पिंपं फुटली, काही आग पसरू नये म्हणून लोकांनीच फोडली. व्हिस्की ओढ्यातून, शेतांतून वाहायला लागली. गुरं ते पाणी प्यायली आणि इतकी झिंगली की दूध काढायला उभीच राहीनात. बदकंही लुढकली. डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद पडली, आता जागेवर काही उरलेलं नाही. तिथली उरलीसुरली बाटली लिलावात आली तर किंमत ऐकूनच नशा चढते. मॅकडफची डिस्टिलरी मात्र चालू आहे.

शिंपले
गाईंनी तरी चाखली, आपल्या नशिबी नाही :D

अनुराधा_प
खाण्याचं सांगा. मी शाकाहारी नाही, पण मुलं आहेत.

दर्यावर्दी
बॅन्फच्या पश्चिमेला कलन गाव आहे, तिथलं कलन स्किंक हे सूप प्यायलाच हवं. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. वारा सुटलेला असताना एक वाटी पोटात गेली की बरं वाटतं. सकाळी बेकरीत रोवी मिळते, चपटी, खारट, पापुद्र्यांची. समुद्रावर जाणाऱ्यांना टिकाऊ म्हणून करायचे. मुलांना आवडेल, मात्र पारंपरिक रोवीत डुकराची चरबी असते. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्यावी.

सातारकर
मासा आणि दूध एकत्र?! आमच्या आजीने ऐकलं असतं तर धागा बंद करायला लावला असता.

गोदाकाठ
विरुद्ध आहार :) तरी मी एकदा तरी खाऊन बघणार.

नीलपक्षी
थोडं वेगळं मत मांडते. मी गेलेय बॅन्फला, पावसात. अर्धी दुकानं बंद, समुद्रावरून धुकं आलेलं, रस्त्यावर माणूस नाही. रेल्वे १९६४ मध्ये गेली, मॅकडफची तर १९५१ मध्येच. १९७५ मध्ये परगण्याची व्यवस्था मोडली आणि बॅन्फ परगण्याचं मुख्य ठिकाण राहिलं नाही. आता सगळा कारभार बाहेरून. डफ हाउस, चांदी, सनद सगळं खरं, पण तरुण मुलांना तिथे काय आहे? जुन्या घरांचं कौतुक करताना हे सांगितलं नाही तर उत्तरवारा यांची निराशा होईल.

दर्यावर्दी
@नीलपक्षी, तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो, तेव्हा गाव उदास दिसतं. पण मेलेलं म्हणू नका. ती जुनी घरं आज उभी आहेत ती गावातल्या माणसांनी संस्था काढून, एकेक पडकं घर विकत घेऊन, दुरुस्त करून विकलं आणि त्या पैशातून पुढचं घेतलं म्हणून. सरकारने बुलडोझर फिरवला असता. मॅकडफच्या पूर्वेला कड्याखाली टारलेअर नावाचा समुद्राच्या पाण्याचा उघडा पोहण्याचा तलाव आहे, १९३१ सालचा, पांढऱ्या भिंतींचा. एके काळी तुडुंब गर्दी, मग ओसाड. तोही वाचवायला गावकरीच उभे राहिले. माझ्या शेजारचे आजोबा बोटीवरून निवृत्त झालेले, रविवारी तिथे जाऊन रंग लावायचे. त्यांच्याशी बोलताना डॉरिक ही तिथली बोली कळायला मला महिने लागले, पण चहा मात्र पहिल्या दिवसापासून मिळाला.

पेठकर
दोघांचंही बरोबर आहे. मान गेला, बंदर गेलं, रेल्वे गेली, तरी गावाने आपल्या वस्तू टाकून दिल्या नाहीत. १७४६ च्या एप्रिलमध्ये कंबरलंडचं सैन्य कलोडनच्या लढाईला जाताना बॅन्फमधून गेलं आणि माणसं लटकावून गेलं. लो स्ट्रीटवर उभे राहिलात की एका नजरेत जुना बाजारक्रॉस, टोलबूथचा, म्हणजे जुन्या कचेरी-तुरुंगाचा मनोरा आणि टाउन हाउस दिसतात. राज्यकर्ते बदलले, चौक तोच राहिला.

सातारकर
मूळ विषयाकडे येतो. ग्रँट डफचं गाव बघायला जाणं म्हणजे त्याच्या इतिहासाला मान देणं नव्हे, हे माझ्यासारख्याने तरी स्पष्ट सांगायला हवं. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या वाळल्या गवतात पेटलेला वणवा, असं त्याने लिहिलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्याला उत्तर दिलं की हा अचानक पेटलेला वणवा नव्हता, त्यामागे संतांनी आणि समाजाने केलेली मोठी तयारी होती. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच ग्रँट डफच्या चुका दाखवणारा निबंध लिहिला. माझ्या मते मराठी इतिहासलेखन तिथे उभं राहिलं. ग्रँट डफ नसता तर कीर्तने कोणाशी भांडले असते?

पेठकर
+१. आणि तो साधनं गोळा करण्यात प्रामाणिक होता हे रानड्यांच्या बाजूच्या लोकांनीही नाकारलं नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. त्याने मिळवलेल्या कागदांतून त्याला राजे, लढाया आणि तह दिसले. शेतकरी, देवळं, कीर्तनं दिसली नाहीत. बॅन्फसारख्या गावात, जिथे जमीनदार आणि त्यांची कोर्टं हाच इतिहास होता, तिथून आलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

रानमांजर
हे पटलं नाही पेठकर. त्याच गावातल्या टॉमस एडवर्डला माशांच्या पोटातला किडा दिसला. गावावर ढकलू नका, माणसाच्या नजरेचा प्रश्न आहे.

पेठकर
मुद्दा बिनतोड आहे. मात्र एडवर्ड कोळ्यांच्या पोरींकडून कचरा मागवत होता, ग्रँट राजदरबारात बसला होता. जागेने नजर घडते, एवढं तरी मान्य करा.

रानमांजर
तेवढं मान्य :)

उत्तरवारा
इतका भरभरून प्रतिसाद मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. जायचं नक्की केलंय. आता व्यवहाराचे प्रश्न. ॲबर्डीनहून बस आहे का? ईडन कुठे येतं? एका दिवसात दोन्ही गावं होतील का?

दर्यावर्दी
बस आहे, टरिफ गावावरून जाते, पावणेदोन-दोन तास धरा. रेल्वे नाही, जवळची स्टेशनं हंटली आणि कीथ. उन्हाळ्यात जा, जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. सकाळी आधी मॅकडफला उतरा. बंदर बघा, बोटी दुरुस्तीला वर काढलेल्या असतील तर थांबून बघा. मग डून चर्चच्या टेकडीवर चढा, तिथून दोन्ही गावं, पूल आणि नदीचं मुख एकत्र दिसतं आणि गाळाची गोष्ट आपोआप समजते. मग पुलावरून चालत बॅन्फला. डफ हाउस, लो स्ट्रीट, हाय शोअर, म्युझियम. म्युझियम वर्षभर उघडं नसतं, त्यामुळे दिवस आणि वेळ आधी बघूनच निघा. डेस्कफोर्डला १८१६ साली सापडलेल्या लोहयुगातल्या रणशिंगाची प्रतिकृतीही तिथे आहे; रानडुकराच्या तोंडाचं आहे ते, मूळ एडिंबऱ्याला.

ईडन नदीकाठाने वर, गावापासून काही मैलांवर. घर खाजगी मालमत्तेचं आहे, उठून आत शिरू नका. जवळच ईडन किल्ल्याचा पडका भाग आहे, सोळाव्या शतकातला. पायी नको, टॅक्सी किंवा सायकल.

सातारकर
ईडनला गेलात तर आणखी एक लक्षात ठेवा. ग्रँट डफचा मुलगा तिथेच १८२९ मध्ये जन्मला आणि बापाने त्याचं नाव आपल्या साहेबावरून ठेवलं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हा पुढे बॅन्फ आणि मॅकडफ ज्यात येत होते त्या एल्गिन बर्ग्ज मतदारसंघाचा खासदार झाला आणि १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायचा रस्ता त्यानेच केला आणि मरीना हे नावही त्यानेच दिलं.

शिंपले
म्हणजे मरीना बीचचा धागा थेट बॅन्फपर्यंत! माझे सासू-सासरे चेन्नईला असतात, आजच फोन करून सांगते.

अनुराधा_प
उत्तरवारा, मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी मॅकडफचं मत्स्यालय आहे ना? समुद्री शेवाळाचं अख्खं जंगल असलेली टाकी आहे असं वाचलंय. ते उघडं असतं का तेवढं बघून इथे लिहाल? आम्ही ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय.

उत्तरवारा
हो, नक्की लिहितो. टारलेअरचंही बघतो, आणि सातारकरांसाठी ईडनचे फोटो रस्त्यावरून जेवढे मिळतील तेवढे टाकतो.